आधी उपकार, मग मागणे

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. आपल्यासारख्या सीमाभागातल्या वाचकाने ती मुद्दाम वाचावी, कारण ती घडते तीही सरहद्दीवरच. प्रभू येशू शोमरोन आणि गालील या दोन प्रांतांच्या मधून जात असताना हे दहा जण लांब उभे राहून त्याला हाका मारतात. दहाही बरे होतात. उपकार मानायला मात्र एकटाच परत येतो, आणि तो निघतो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. लगेच पुढच्या अध्यायात एका विधवेचा दाखला आहे. न्यायाधीश ना देवाला भिणारा, ना माणसाला जुमानणारा; पण ही बाई त्याच्याकडे इतके खेटे घालते की शेवटी तो वैतागून तिचा न्याय करायला तयार होतो. खचून न जाता प्रार्थना करीत राहावे, यासाठी सांगितलेला हा दाखला.

उपकार मानणे आणि चिकाटी न सोडणे, हे दोन धडे लूकने असे पाठोपाठ ठेवले आहेत. आपण मात्र त्यांची वाटणी करून टाकतो. काम झाले की आभार, काम अडले की धीर. माझ्या आजीकडे अशी वाटणी नव्हती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून ती संध्याकाळी घरी यायची, आणि तिची प्रार्थना कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत संपायची. प्रारंभी 'देवरिगे स्तोत्र'. (मराठी कानाला स्तोत्र म्हटले की भीमरूपी आठवते, कन्नड मंडळीत मात्र देवाचे उपकार मानायला हाच शब्द.) मग त्या दिवशीची भाकरी, पाणी, शेजारणीने दिलेली मूठभर भाजी, सगळ्याची मोजदाद. मागणे अगदी शेवटी, तेही थोडके. मजुरी कमी हाती आली त्या दिवशीसुद्धा हा क्रम बदलत नसे.

या क्रमात काय बळ आहे, ते मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. घर मराठी, मुलूख कन्नड. आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखेच. दुष्काळाच्या फेऱ्यात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. वयाची चोविशीही पुरी झाली नव्हती आणि पदरात तान्ही मनोरमा.

पवित्र शास्त्र त्यांच्या हाती पहिल्यांदा पडले ते कलकत्त्यात, संस्कृतमध्ये. शास्त्रीबोवांच्या या पंडित लेकीलाही त्या भाषेत ते उमगेना. पुढे सिल्चरच्या घरी पुस्तकांत बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले, ते मनाला भिडले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण मनाला खरी शांती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लाभली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवशी सारे आलबेल झाल्याच्या साक्षी आपण पुष्कळ ऐकतो!

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती उभी राहिली. १९०० पर्यंत तिथे सुमारे दीड हजार जणी झाल्या होत्या. एवढ्या तोंडांना रोज घालायचे कुठून, हा प्रश्न रोजचाच, आणि त्यावरची प्रार्थनाही रोजची. पुढे मनोरमाबाईंच्या हाताखाली गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा निघाली. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत छापली, तिच्या नावातच कधीही न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. माहेरचे-सासरचे जवळजवळ सगळे गमावलेल्या बाईने निवडलेले हे नाव. माझ्या आजीची मोजदाद मला इथे आठवते.

याच काळात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायकापोरींना कळेल अशा साध्या मराठीत अख्खे बायबल, तेही मूळ भाषांवरून. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षांमागून वर्षे गेली. कानांनी जवळजवळ ऐकू येईनासे झाले. आणि जुलै १९२१ मध्ये, जिच्यावर सारा कारभार सोपवायचा होता ती मनोरमाच गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. अखेरच्या आजारात, उरलेली पाने तपासण्यापुरते दहा दिवस मिळावेत, अशी प्रार्थना त्यांनी केल्याची आठवण सांगतात. मागणे एवढेच. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

बायबल पूर्ण छापून झाले १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला बसत त्या मुक्तीतल्या बायका, आणि त्यांत दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीही होत्या.