सगळे शेंडे एका दोरीत? कशासाठी?



सोनचाफ्याच्या नव्या लागवडीचा एक फोटो सध्या ग्रुपवर फिरतोय. ओळीला दोरी बांधलीय आणि सगळ्या कलमांचे शेंडे त्या दोरीला लावून कापलेत. माप कोणाचं घेतलंय? ओळीतल्या सगळ्यात बुटक्या झाडाचं. त्या बुटक्याचाही शेंडा खुडलाय, कारण म्हणे ‘सगळ्यांना एकदम फुटवा आला पाहिजे’. खाली वाहवा चाललीय. मी वाहवा करणार नाही. ही झाडाची सेवा नाही, ही हजामत आहे.

हे खूळ येतं कुठून तेही सांगतो. पोरं मोबाईलवर परदेशातले गांजाच्या लागवडीचे व्हिडिओ बघतात. बंद खोली, वर दिवे, खाली एकाच आईझाडाच्या फाट्यांपासून केलेली रोपं. तिथे शेंडे एका पातळीत आणतात त्याला कारण आहे. दिवा चार हातांवर टांगलेला असतो. एक रोप उंच गेलं की ते दिव्याला भाजतं, बुटक्याला उजेड पुरत नाही. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली ते झाड परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे, कुंडीत एक लावलं तरी, त्यामुळे तो विषय तिथेच सोडा. पण त्यांची पद्धत चाफ्यावर आणताना एवढा तरी विचार करा की आपला दिवा सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. झाड वीतभर वर असलं काय, खाली असलं काय, सूर्याला फरक पडत नाही. शेजारच्या झाडाची सावली पडली तर पडतो, पण पहिल्या वर्षी दोन कलमांत एवढं अंतर असतं की सावलीचा प्रश्नच नसतो.

मग चाफ्याचा शेंडा मारायचा कशाला? तोडणीसाठी. बियांचा चाफा माडाशी स्पर्धा करतो, फूल काढायला शिडी लागते. कलमी झाड हाताच्या उंचीत ठेवलं तर पहाटे दोन माणसं कळ्या काढून दादरच्या बाजाराची गाडी गाठतात. आणि शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन बाजूचे डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात, फांद्या वाढतात, फूल नव्या फुटीवर येतं. बरोबर. पण फूट काढायला झाडाजवळ शिल्लक लागते, आणि ती पानांतून आणि मुळांतून येते. ज्या कलमाला मोजून सहा पानं आहेत त्याचा शेंडा खुडणं म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातली भाकरी उचलणं.

‘पण कलमं सगळी सारखीच असतात ना?’ असं विकणारे सांगतात. अर्धं खरं आहे. वरची कलमकाडी एका झाडाची, ती सारखी. खालचा खुंट बियांचा असतो, आणि बियांची दोन रोपं सारखी नसतात. त्यात कोणाची मूळं पिशवीत गोल फिरलेली, कोणाच्या जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहून खोडाला फास बसलेला, कोणाच्या खुंटालाच खालून फूट येऊन ती सगळं खातेय. मोगऱ्याला खुंटही नसतो, फाटा तोच, मूळ त्याचंच. तरी जाड फाटा आणि काडीसारखा फाटा एकदम लावले तर वर्षभर फरक दिसतो.

मी राहतो भाईंदरला जेसल पार्कात, वाडी खाडीपलीकडे वसईला. नवीन कलमं आधी बिल्डिंगच्या गच्चीवर मोठ्या पिशवीत वाढवतो, मग टेम्पोने वर्सोवा पुलावरून फिरून नेतो (लोकलने दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता, पण झाडं घेऊन भाईंदरला गाडीत चढून दाखवा!). गच्चीवर एकाच दिवशी, एकाच मातीत भरलेली कलमं असतात. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याकडची खुरटतात, पानांच्या कडा करपतात. टाकीच्या आडोशाची लांब, किडकिडीत होतात. मधली मस्त. या तिघांना एकच कात्री लावायची?

किडकिडीत कलम उजेडात आणायचं आणि शेंडा न कापता सुतळीने तिरपं वाकवायचं. शेंडा खाली आला की त्याचा जोर कमी होतो, पाठीवरचे डोळे फुटतात आणि एक पानही जात नाही. फांदी हिरवी, कोवळी असतानाच हे जमतं. लाकूड झाल्यावर वाकवाल तर जोडाशी काडकन मोडेल, म्हणून जोडाजवळ काठीचा आधार आधी. दणकट झाडाचा शेंडा खुशाल खुडा, फक्त कोवळा टोक तेवढा, चांगल्या डोळ्याच्या जरा वर, आणि धो धो पावसात नाही. खुरटलेल्याला हात लावू नका. पट्टी सोडा, खुंटाची फूट काढा, आळं बघा. त्याचा शेंडा दोन-तीन महिन्यांनी मारला तर काही बिघडत नाही. फुलाचा हार करणारी बाई झाडाची उंची विचारत नाही.

कृषी पदविका, पदवीवाले मित्र हे पान वाचतात, त्यांना जरा कडक बोलतो. ‘लागवडीनंतर अमुक महिन्यांनी शेंडा खुडावा’ हे वाक्य तुमच्या पत्रकांतून काढा. महिने नकोत, झाडाची खूण लिहा: किती पानं, खोड केवढं जाड, नवी फूट चालू आहे की थांबलीय. मजूर ते वाचून काम करतो आणि कात्री मजुराच्या हातात असते.

आणि मागे पडलेली कलमं वर्षाच्या आत उपटून टाका हा जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा नवीन कलमं विकणाऱ्याकडूनच मिळतो. उपटायच्या आधी बुंध्याची माती बाजूला करून जोड बघा. पट्टी रुतलेली निघाली तर ब्लेडने उभी कापून काढा आणि त्या झाडाला एक पावसाळा द्या. फोटो टाका, बघू.