सरकारचं ऐका, पण कुठवर? बायबलच्या एका अध्यायावरून पेटलेला वाद

जून 2018. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर बेकायदा येणाऱ्या पालकांपासून त्यांची मुलं वेगळी केली जात होती. टीका वाढली, तेव्हा ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी थेट बायबलचा आधार घेतला. रोमकरांस पत्र, अध्याय 13.

त्यात आहे तरी काय?

सत्ता देवाने नेमलेली आहे, तिच्या अधीन राहा, कर भरा, असं पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना सांगतो. पाचव्या वचनात तो म्हणतो, हे फक्त शिक्षेच्या भीतीने नको, सदसद्विवेकबुद्धीसाठीही करा.

मग वाद कशाचा?

पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवणारा अमेरिकेचा 1850 चा कायदा असो की दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद, समर्थकांनी हाच अध्याय पुढे केला. दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मशास्त्रज्ञांनी 1985 च्या 'कैरोस दस्तऐवजा'त उत्तर दिलं : जुलमी सत्तेपुढेही मान तुकवा, असं पौल म्हणत नाही. बायबलमध्येच पेत्र अधिकाऱ्यांना सुनावतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी.

म्हणजे कायदा पाळण्याचं कारण विवेक असेल, तर तो कायदा कोणाचं काय करतोय, हेही विवेकानेच तपासावं लागतं.

पुढे काय झालं?

सेशन्स यांच्याच मेथडिस्ट चर्चच्या 600 हून अधिक सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध चर्चकडे तक्रार केली. 20 जूनला ट्रम्प यांनी मुलं वेगळी करणं थांबवण्याचा आदेश काढला. तक्रार मात्र फेटाळली गेली. कारण दिलं गेलं : सरकारी धोरण राबवणं हे वैयक्तिक वर्तन नाही.

खुर्चीवर बसताना विवेक बाहेर ठेवायचा का, हा प्रश्न तसाच राहिला.