पाणी गाळता, मग बातमी का नाही?

मागच्या महिन्यात आमच्या बायकांच्या स्वाध्यायात पाणी गाळण्याचा विषय निघाला. एका वहिनींनी मोबाइल काढून वाचून दाखवलं, की पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव असतात हे कॅप्टन स्कोर्सबी नावाच्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहून सिद्ध केलं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा आकडा पाठशाळेपासून आपल्या कानावर आहे.

मी विचारलं, "हे कॅप्टन कुठले? आणि पाणी कुठलं होतं?"

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग एक अक्का म्हणाल्या, "तुला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. धर्मात एवढी शंका बरी नव्हे गं."

तिथे मी गप्प बसले. इथे बोलते.

विल्यम स्कोर्सबी (१७८९–१८५७) हा इंग्लंडमधल्या व्हिटबीकडचा माणूस. देवमासे मारणाऱ्या जहाजाचा तो कप्तान होता. पुढे पाद्री झाला. हुशार होता, निरीक्षण बारीक होतं. ग्रीनलंडजवळच्या समुद्राचं पाणी काही ठिकाणी हिरवट दिसतं. त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात अतिसूक्ष्म प्राणी पाहिले. म्हणजे पाणी होतं उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातलं, तेही जीवांनी रंग बदललेलं. आपल्या नळाशी आणि विहिरीशी त्या थेंबाचा संबंध काय? आणि अहिंसेला साक्षीदार म्हणून आपण शोधला कोण, तर देवमाशांचा शिकारी!

याहून मोठी चूक पुढे आहे. पाणी हेच ज्यांचं शरीर, त्या जलकायिक जीवांची संख्या शास्त्र असंख्यात सांगतं. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतात ते पाण्यात राहणारे वेगळे जीव. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची खिचडी केली आणि असंख्यात म्हणणाऱ्या आचार्यांना एक मोजका आकडा चिकटवला. विज्ञानाचं प्रमाणपत्र मिळवायच्या नादात आपण आपलंच शास्त्र चुकीचं सांगतो, आणि वर त्याला प्रभावना म्हणतो.

पाणी गाळावं की नाही? जरूर गाळावं. माझ्या सासूबाई फडक्यात राहिलेले जीव परत विहिरीत सोडायच्या. त्यांनी कुठल्या कप्तानाचं नाव ऐकलं नव्हतं. ज्या धर्माला असल्या फॉरवर्डचा टेकू लागतो, तो आपण नीट शिकलो नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं.

तुम्ही म्हणाल, एक आकडा चुकला तर बिघडलं काय? कोणाचं नुकसान झालं? सांगते.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असा निकाल दिला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मधले तीन आठवडे आठवा. टीव्हीवर लोक तावातावाने बोलत होते. सल्लेखनेची पात्रता काय, कषाय मंद करणं म्हणजे काय, याचा गंधही नसलेले लोक आपल्या आजी-आजोबांच्या समाधीला 'उपाशी मारणं' म्हणत होते. आपण रस्त्यावर मूक मोर्चे काढले. आमच्या घरी तेव्हा एकच वाक्य होतं, "अर्धवट माहितीवर हे लोक एका अख्ख्या समाजाला आरोपी करतात." खरंच होतं ते.

त्याला पाच वर्षंही झाली नव्हती. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीनला तबलिगी जमातीचे लोक जमले. तिथून संसर्ग पसरला, हे खोटं नाही. पण मग टीव्हीवर जे सुरू झालं ते संसर्गाबद्दल नव्हतं. तो जणू ठरवून केलेला कट होता, असं रोज रात्री आपल्याला सांगितलं गेलं. आपण ऐकलं, आणि विश्वासही ठेवला. त्याच सुमारास फळांना थुंकी लावणाऱ्या एका विक्रेत्याचा व्हिडिओ फिरत होता. मीही तो दोन ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'सावध राहा.'

आमच्या गल्लीत वीस-एक वर्षं एक चाचा हातगाडीवर भाजी आणायचे. माझ्यासाठी कांदा-लसूण गाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचे, न सांगता. चातुर्मासात पालेभाजी दाखवायचेही नाहीत. त्या आठवड्यात गल्लीतल्या पोरांनी त्यांची गाडी कोपऱ्यावरूनच परत पाठवली. मी खिडकीत उभी होते. 'अहो, हे आपले चाचा आहेत' एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी पडदा ओढला.

तो व्हिडिओ लॉकडाऊनच्या आधीचा होता हे मला पुढे कळलं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी मोठा अपप्रचार केला, असंही निकालात म्हटलं. ही बातमी आमच्या घरच्या टीव्हीवर कधी लागली ते मला आठवत नाही. कटाची बातमी मात्र महिनाभर रोज होती.

यात नवल नाही. मी बी. कॉम. आहे, एवढा हिशोब मला कळतो. चॅनल जाहिरातीवर चालतं, जाहिरात प्रेक्षकांवर येते, आणि घाबरलेला किंवा चिडलेला माणूस रिमोट खाली ठेवत नाही. निर्दोष सुटल्याच्या बातमीला गिऱ्हाईक नाही. सगळी चॅनल्स हेच करतात, कोणाचा रंग इकडचा, कोणाचा तिकडचा. आपल्याला आवडतं ते चॅनल निःपक्षपाती वाटतं, इतकंच. सल्लेखनेच्या वेळी हेच चॅनल पक्षपाती होतं, आणि जमातीच्या वेळी सत्यवादी झालं?

आणखी एक जागा सांगते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी ठेचून मारलं. ती अफवा पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने स्वतःशी हेच म्हटलं असणार, की खरं असो-नसो, सावध केलेलं बरं. माझेही शब्द तेच होते. माझ्या फॉरवर्डमुळे कोणाचा जीव गेला नाही, हे माझं पुण्य नव्हे, नशीब.

आता अक्कांच्या प्रश्नाकडे येते. धर्मात शंका नको, सम्यग्दर्शनाचं पहिलं अंगच निःशंकित आहे, असं म्हणतात. मान्य. पण अंगं आठ आहेत. चौथं अमूढदृष्टी. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता अशा तीन मूढता सांगितल्या आहेत. नदीत स्नान केलं, दगड-वाळूचे ढीग रचले, की धर्म झाला असं मानणं ही लोकमूढता. आजचा ढीग मोबाइलमध्ये रचला जातो, एवढाच फरक. निःशंकित राहायचं ते तत्त्वाबद्दल. कोणा अनोळखी माणसाने पाठवलेल्या व्हिडिओबद्दल निःशंकित राहा, असं कुठल्या आचार्यांनी सांगितलंय?

दुसरं म्हणतील, उपगूहन हेही अंगच आहे, आपल्यातले दोष चव्हाट्यावर का मांडतेस? अहो, कोणा धर्मात्म्याच्या हातून चूक झाली तर तिचा गाजावाजा करून धर्माची निंदा होऊ देऊ नये, हे उपगूहन. चूक चालू ठेवण्याला उपगूहन म्हणत नाहीत.

आणि सत्य अणुव्रताचे अतिचार काढून पाहा. पहिलाच मिथ्योपदेश. पुढे कूटलेखक्रिया, म्हणजे दुसऱ्याने न सांगितलेलं त्याच्या नावावर लिहिणं. 'नासाने मान्य केलं', 'युनेस्कोने जाहीर केलं' हे दुसरं काय आहे? अनर्थदंडात दुःश्रुती सांगितली आहे, मनात राग-द्वेष चेतवणाऱ्या गोष्टी ऐकत बसणं. रात्री नऊच्या चर्चेला याहून नेमका शब्द मला मिळालेला नाही. मी फक्त पुढे पाठवलं, मी थोडंच बनवलं, ही पळवाटही आपल्याला नाही. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींचा बंध आपण मानतो. हात जोडल्याचं चित्र टाकणं हीसुद्धा अनुमोदनाच.

घरखर्चाच्या वहीत मी बिलाशिवाय रक्कम मांडत नाही. दुधाचे चाळीस रुपये जुळले नाहीत तर रात्री झोप लागत नाही. आणि एका अख्ख्या समाजाच्या नावावर मी काहीतरी मांडून मोकळी झाले, बिल न बघता.

पर्युषणात आपण जगातल्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींची क्षमा मागतो. ते सोपं आहे, त्यातली एकही समोर येऊन उभी राहत नाही. चाचा नंतर पुन्हा येऊ लागले. मी भाजी घेते, ते कांदे अजून पलीकडेच ठेवतात. तो व्हिडिओ मीही पाठवला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. यंदाच्या क्षमावाणीच्या आधी सांगायचं ठरवलं आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

जय जिनेंद्र.