सोंग कोणाचे?

दिवाळीच्या अंकात रोगराईचा विषय काढू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. समोर चकल्यांचे ताट, अंगणात पोरांचा धुडगूस, आणि त्यात हा मास्तर रक्ताच्या थेंबाची कथा लावून बसला, ही वाचकांची कुरकूर मला आत्ताच ऐकू येते. संपादकांनीही माझ्याकडे गोष्टच मागितली होती. पण माझा इलाज नाही. ज्या दुखण्याविषयी मला भांडायचे आहे ते नेमके याच दिवसांत उसळते. पहाटेचा गारठा पडू लागला, नरकचतुर्दशीला पोर ओल्या अंगाने कुडकुडले, फराळाच्या नादात दिवसभर पाणी प्यायला विसरले, की ज्याच्या रक्तात हे दुखणे आहे त्याची हाडे रात्री ठणकू लागतात. आमच्या वर्धा-नागपूर भागात अशी घरे थोडी नाहीत. त्या घरांतून दिवाळीची पहाट कशी उजाडते, हे आपण क्वचितच विचारतो.

आधी माझाच गुन्हा सांगतो, म्हणजे पुढे इतरांवर तोंड टाकायला मी मोकळा.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. सहावीत. शाळेचे आणि त्याचे नाव सांगत नाही. हुशार, पण महिन्यात आठ-आठ दिवस गैरहजर. थंडी सुरू झाली की विशेषच. डोळे पिवळसर, अंगाने किरकोळ, खेळाच्या तासाला झाडाखाली बसायचा. मी त्याच्या नावापुढे मनातल्या मनात ‘आळशी’ असा शेरा मारून ठेवला होता. सहामाहीच्या गणिताच्या पेपराला तो आला नाही, आणि आल्या दिवशी मी त्याला सकाळच्या थंडीत पटांगणात कोंबडा करून उभे केले. दुपारी त्याची माय आली. शेतातून तशीच आलेली, पायाला माती. म्हणाली, “गुर्जी, पोट्टं सोंग नाही करत जी. रातभर हातपाय धरून रडते.” मी तिला शिस्तीवर एक लहानसे व्याख्यान दिले. ती ऐकून घेऊन निघून गेली. त्याच रात्री पोराला रेल्वेने नागपूरला नेले आणि दोन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा त्याच्या खिशात एक कागद होता. त्यावर लिहिले होते: सिकलसेल.

हा शब्द तोवर मी ऐकला नव्हता असे नाही. ऐकला होता, आणि ‘तो त्या लोकांचा रोग’ म्हणून सोडून दिला होता. आजच्या माझ्या तक्रारीचे मूळ इथेच आहे.

प्रथम रोग म्हणजे काय ते मास्तरी पद्धतीने सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या आणि लवचिक असतात, बारीकातल्या बारीक नळीतून त्या घसरत जातात. ज्याला हा रोग आहे त्याच्या पेशी प्राणवायू कमी पडला की ताठरतात आणि विळ्यासारख्या वाकतात. विळ्यांची गर्दी नळीत अडकली की पुढच्या हाडामांसाला रक्त मिळत नाही, आणि जी कळ उठते ती सोसणारालाच ठाऊक. शिकागोच्या जेम्स हेरिक या वैद्याने 1910 साली हे विळे प्रथम जगापुढे मांडले. 1949 साली लायनस पॉलिंगने दाखवले की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. पुढे इन्ग्रॅमने तो नेमका कुठे आहे तेही शोधले: त्या लांबलचक साखळीत एकच कडी बदललेली. एका अक्षराची चूक! मी पोरांच्या वहीत अशा चुका रोज खोडतो. रक्तातली ही चूक मात्र आईबापांकडून येते. एकाकडूनच आली तर माणूस नुसता वाहक. त्याला रोग नसतो, तो तुमच्या-माझ्यासारखा नांगर धरतो, नोकरी करतो. दोघांकडून आली तरच रोग. दोन वाहकांच्या संसारात दर खेपेला चारात एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहकाची, एक पूर्ण निर्दोष मुलाची. हे गणित सहावीच्या पोरालाही सुटते.

आता तो ‘त्या लोकांचा रोग’. भारतात हा दोष 1952 साली निलगिरीच्या डोंगरातल्या जमातींत आढळला, आणि 1958 साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या या दोषाची वार्ता ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकपत्रात छापली. म्हणजे आपल्या अंगणातली ही गोष्ट जगाला 1958 पासून माहीत आहे. पहिल्या पाहण्यांत अनुसूचित जाती-जमातींत प्रमाण जास्त दिसले, हे खरे. तेवढेच आमच्या पांढरपेशा मंडळींनी पाठ केले आणि पुस्तक मिटले. पुढे विदर्भात इतर मागास समाजांतही तो सापडला, ते कोणी वाचले नाही. वस्तुतः हा दोष जात पाहून आला नाही, डास पाहून आला. ॲलिसन नावाच्या संशोधकाने 1954 साली आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकाला जिवावरचा हिवताप सहजी मारू शकत नाही. ज्या रानावनांत पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे वाहक तगले, म्हणून तिथे दोष साठला. ज्यांच्या पूर्वजांनी मलेरियाच्या तोंडाशी राहून जंगल तोडले, शेते काढली, त्यांच्या रक्तावर त्या लढाईचा वळ उरला आहे. तो वळ पाहून नाक मुरडणाऱ्याला काय म्हणावे?

दुसरी मंडळी आहेत ती शहाणी. ती म्हणतात, “मास्तर, यावर औषधच नाही. उगाच कशाला?” हे वाक्य मी शिकलेल्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की ते खोटे आहे हे सांगण्यासाठीच या लेखाचा खटाटोप.

औषध आहे. समूळ बरे करणारे स्वस्त औषध नाही, पण माणसाला माणसासारखे जगू देणारे आहे. रोगी बाळाला लहानपणी साध्या जंतूंचा संसर्ग पटकन गिळतो. त्यावर उपाय म्हणून पेनिसिलिनच्या गोळ्या रोज द्याव्यात का, हा प्रश्न अमेरिकेत तपासला गेला आणि 1986 साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या 105 मुलांना गोळी मिळाली त्यांत 2 जणांना तो भयंकर संसर्ग झाला. ज्या 110 मुलांना गोळीसारखीच दिसणारी पोकळ पुडी मिळाली त्यांत 13 जणांना, आणि त्यांतली तिघे दगावली. फरक इतका उघड झाला की प्रयोग आठ महिने आधीच थांबवला. पेनिसिलिन! जे आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात फार दिवसांपासून मिळते.

मग हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी. मूळची ही कर्करोगावरची, म्हणून घरोघरी तिची धास्ती. कोणीतरी सांगतो, ‘ही कॅन्सरची गोळी आहे’, आणि माय ती चुलीत टाकते. पण ही गोळी बाळपणीचे हिमोग्लोबिन, जे विळ्याला वाकू देत नाही, ते पुन्हा वाढवते. 1995 साली 299 प्रौढ रोग्यांवरचा अमेरिकेतला प्रयोग प्रसिद्ध झाला: पोकळ पुडीवाल्यांना वर्षात कळेचे साडेचार झटके, गोळीवाल्यांना अडीच. यावर आमचे शहाणे म्हणणार, ते अमेरिकेत. तर नागपूरला या. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार कळा येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांवर याच गोळीची लहान, ठरावीक मात्रा तपासली आणि 2012 साली निष्कर्ष छापला: कमी मात्रेनेही झटके घटतात, रक्त चढवण्याची पाळी कमी येते. मात्रा लहान म्हणजे खर्च लहान, आणि धोकाही लहान. मधूनमधून रक्त तपासत राहिले पाहिजे आणि गरोदरपणी ती घेऊ नये, ही पथ्ये आहेतच. पण ‘औषधच नाही’ हे वाक्य त्या दिवशी मेले. ते अजून बोलले जाते, त्याला काय करावे?

या प्रयोगांवर एक आक्षेप मला एका सद्‌गृहस्थाने घेतला. म्हणाले, “आजारी लेकरांना पोकळ पुड्या देता, हा क्रूरपणा नव्हे?” प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणालो, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवरचे नाव आपण का झाकतो? तपासणारा मास्तर लबाड असतो म्हणून नव्हे. तो माणूस असतो म्हणून. ओळखीच्या पोराच्या उत्तरात त्याला न लिहिलेलेही दिसते. डॉक्टरचेही तसेच, आणि आईचे तर त्याहून. कोणाला खरे औषध आहे हे ठाऊक असले, की आशेने सुधारणा दिसू लागते. म्हणून नावे झाकायची आणि शेवटी उघडायची. हे न करता औषध सांगणारे आमच्याकडे उदंड आहेत. कोणी दोरा बांधतो, कोणी ‘वात आहे’ म्हणून तेल विकतो, कोणी दर झटक्याला सलाईन आणि दुखण्याचे इंजेक्शन देऊन वाटेला लावतो. त्यांपैकी कोणी आपली चूक कधी छापली आहे? इकडे पाहा. व्हॉक्सेलोटर नावाचे महागडे नवे औषध मोठ्या गाजावाजाने आले, आणि धोका फायद्याहून अधिक दिसताच त्याच्या कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये ते जगभरातून परत घेतले. मला यात शास्त्राची नामुष्की दिसत नाही. खोडलेले उत्तर दिसते, आणि खोडून पुन्हा मांडणारा विद्यार्थी मला आवडतो.

तिसरी मंडळी सर्वांत सद्‌हेतूची, आणि माझा सर्वांत मोठा वाद त्यांच्याशीच आहे. त्यांचे एकच सूत्र: पत्रिका पाहू नका, रक्त पाहा, दोन वाहकांचे लग्न होऊ देऊ नका, रोग आपोआप सरेल. ऐकायला गोड, भिंतीवर रंगवायला सोपे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल उच्चाटनाचे अभियान सुरू केले. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, आणि 2047 पर्यंत उच्चाटन. तपासणीला माझा विरोध नाही. ती झालीच पाहिजे. पण तपासणी म्हणजे काय होते ते पाहा. शिबिरात बोट टोचून थेंबभर रक्ताची साधी चाचणी होते. ती एवढेच सांगते की दोष आहे. वाहक की रोगी, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुढची, यंत्रावरची तपासणी लागते. या दोन चाचण्यांच्या मधल्या दिवसांत गावात बातमी पसरते: अमक्याच्या पोरीला सिकल निघाला. पोराला निघाला तर ‘होईल बरा’. पोरीला निघाला तर स्थळे बंद. वाहक, म्हणजे धडधाकट मुलगी, रोगी म्हणून घरात बसते. मग पुढच्या शिबिराला तिची धाकटी बहीण कशाला येईल? घर रक्त लपवू लागते. आपणच लपवायला शिकवतो आणि वर ‘लोक अडाणी’ म्हणतो.

आणि जे पोर आधीच जन्मले आहे त्याचे काय? लग्ने थांबवण्याच्या सूत्रात त्याला जागाच नाही. नागपुरात नवजात बालकांची तपासणी करून त्यांच्यावर पुढे वर्षानुवर्षे नजर ठेवण्याचे काम झाले. 2016 साली ते छापून आले. भारतातला हा रोग सौम्य असतो अशी एक समजूत होती. विदर्भातल्या बाळांनी ती खोटी पाडली. तान्हेपणी ओळखले तर पेनिसिलिन सुरू करता येते, लस देता येते, माईला ताप आणि सुजेची खूण शिकवता येते. म्हणून माझा सवाल असा आहे: किती लोकांची बोटे टोचली हा आकडा मला सांगू नका. किती रोग्यांच्या हातात दर महिन्याला, खंड न पडता, गोळी पडते तो आकडा सांगा. गोळी संपली, पुढच्या आठवड्यात या, हे ऐकून मजुरी बुडवून परत जाणारी माय पुन्हा किती वेळा येईल?

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने या रोगावर जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. एका रोग्याचा खर्च बावीस लाख डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने अठरा कोटी रुपयांच्या वर. बातमी वाचून मला आनंद झाला. एका अक्षराची चूक माणूस खोडायला शिकला, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्या बातमीचे कात्रण दाखवून जो मला म्हणाला, ‘आता उपाय निघाला बरे का’, त्याला मी विचारले की आपल्या आरोग्य केंद्रात ती साधी गोळी आहे का, हे एकदा पाहून येतोस? तो अजून गेलेला नाही.

“मॅट्रिक शिकलेल्या मास्तराला हे सगळे काय कळते,” असे कोणी म्हणेल. खरे आहे. मला एवढेच कळते की अंगात कळ असताना एका पोराला मी कोंबडा केला होता, आणि त्या वेळी हे सगळे, 1958 ची वार्ता, 1986 ची पेनिसिलिनची गोळी, 1995 ची गोळी, छापलेले होते. 2016 च्या अपंगत्वाच्या कायद्याने सिकलसेलला स्थान दिले आहे. आपल्या शाळेतल्या किती मास्तरांना हे माहीत आहे, हे मी यंदा विचारून पाहिले, आणि मिळालेले उत्तर इथे सांगत नाही, कारण मला त्याच गावात राहायचे आहे.

तो मुलगा वाचला. खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजले, म्हणून लंगडत चालतो. स्टेशनच्या रस्त्याला त्याचे छोटे दुकान आहे. गेली काही वर्षे नियमाने गोळी घेतो, आणि हिवाळ्यातही दुकान उघडे असते. लग्नाआधी त्याने स्वतःहून मुलीकडच्यांना कागद दाखवला आणि तिचेही रक्त तपासून घेतले. ते निर्दोष निघाले. मला तो अजून वाकून नमस्कार करतो, आणि दर वेळी माझी मान खाली जाते.

यंदा तान्ह्या पोळ्याला आमच्या सिंदीत नेहमीची गर्दी होती. लाकडी नंदी सजवून पोरे रांगेने निघाली होती. तो आपल्या दोन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आला होता, तिच्या हातात वितीएवढा नंदी. मागे त्याची माय, आता म्हातारी. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. “गुर्जी, हिचा रिपोर्ट आला जी. वाचून सांगता का?”

मी चष्मा लावून वाचला. यंत्रावरचीच तपासणी होती. वाहक. बापाचे दोन्ही अक्षर चुकीचे, आईचे दोन्ही बरोबर, तेव्हा दुसरे काही निघणे शक्यच नव्हते. मी त्याला समजावले, पोर निरोगी आहे, हिला कळ यायची नाही, गोळी लागायची नाही. त्याने पुन्हा एकदा विचारले, मी पुन्हा सांगितले. त्याचे डोळे भरून आले.

म्हातारी इतका वेळ गप्प उभी होती. ती पुढे झाली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाली,

“मंग लगन होईन ना जी हिचं?”