साठ लाखांची गाडी बारा लाखांत

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पण आगगाडी पकडायची तर आजवर वडसा, म्हणजे देसाईगंज, हेच एक ठिकाण. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी सुमारे २०० किलोमीटर रस्ता कापावा लागतो. मोठा दवाखाना, घाऊक बाजार किंवा विमानतळ गाठायचा तर नागपूरशिवाय इलाज नाही. चंद्रपूरहून ते अंतर सुमारे १५० किलोमीटर, अहेरी-आलापल्लीहून त्याच्या जवळजवळ दुप्पट. अशा मुलखात चारचाकीला चैन म्हणणे अन्यायाचे होईल. आजारपण, लग्नकार्य, मुलांची महाविद्यालये, दुकानाची वसुली, सगळ्यांचा भार तिच्यावर असतो.

म्हणूनच मूल, आरमोरी, वडसा, बल्लारपूर अशा गावांतील व्यापारी घरांत अलीकडे एक हिशेब वारंवार मांडला जातो. दहा-बारा लाखांत नवी गाडी घ्यावी तर ती बेताचीच मिळते. तेवढ्याच रकमेत दहा वर्षे वापरलेली फॉर्च्युनर, एन्डेव्हर, किंवा नशीब उघडले तर मर्सिडीज वा ऑडीची एसयूव्ही दारात उभी राहू शकते. मुलगा मोबाइलवर छायाचित्रे दाखवतो. सात माणसे एका गाडीत मावतील हे वडिलांना पटते. आजींची तक्रार पायरी उंच आहे एवढीच असते. या हिशेबात नुसता दिखाऊपणा आहे असे म्हणून तो उडवून लावता येत नाही. वजनदार सांगाडा, सहा-सात एअरबॅग आणि वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा या गोष्टी रात्रीच्या जंगलरस्त्यावर खऱ्या उपयोगाच्या आहेत.

येथे शब्दांचा एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडे ‘मायलेज’ म्हणजे गाडी लिटरमागे किती धावते; आणि आजवर किती अंतर चालली याला बाजारात ‘रनिंग’ म्हणतात. विकणारा पहिल्याबद्दल भरभरून बोलतो. दुसऱ्याबद्दल घेणाऱ्याने विचारावे लागते.

आता मुख्य मुद्दा. गाडी जुनी होते तसा तिचा भाव उतरतो, पण तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही. समजा, साठ लाखांना घेतलेली गाडी दहा-अकरा वर्षांनी बारा लाखांत मिळाली. तिचा हेडलाइट, तिचा टर्बो, तिच्या गिअरबॉक्सचा संगणक हे मात्र आजही साठ लाखांच्या गाडीचेच भाग असतात आणि त्याच हिशेबाने विकले जातात. पहिल्या मालकाला एखादी दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या तीन टक्के पडली असेल, तर तीच दुसऱ्या मालकाला पंधरा टक्क्यांना पडते. बिल तेच असते. फक्त ज्या खिशातून ते जाते तो खिसा लहान असतो. अशा मोठ्या चाकांचे चार टायर बदलायचे म्हटले तरी पाऊण लाखाचा आकडा सहज समोर येतो, आणि टायर ही तर बिघाडाची बाब नव्हे, नित्य झिजेची आहे.

त्यावर आपल्या भागाचे अंतर चढते. युरोपीय गाड्यांच्या अधिकृत कार्यशाळा आपल्याला जवळात जवळ नागपुरात. एटापल्लीजवळ गाडी बंद पडली तर तिला टोचन करून नेता येईलच असे नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या किंवा चारही चाके फिरणाऱ्या गाडीची चाके जमिनीवर ठेवून ओढले तर गिअरबॉक्सच निकामी होऊ शकतो. तिला सपाट ट्रकवर चढवूनच न्यावे लागते, आणि तो ट्रकही बहुधा नागपूर-चंद्रपूरहूनच मागवावा लागतो. मग सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत गाडी तेथे आणि कुटुंब येथे. नागपुरात राहणाऱ्या कुटुंबाला जी गाडी परवडते, ती अहेरीच्या कुटुंबाला त्याच मिळकतीत परवडत नाही.

त्यामुळे बारा लाख हाताशी असतील तर बारा लाखांची गाडी पाहूच नये. नऊ लाखांची पाहावी, दोन लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बँकेत वेगळे ठेवावेत आणि उरलेले एक लाख नावांतर, विमा व पहिल्या सर्व्हिसिंगसाठी धरावे. १५०० सीसीवरील खासगी मोटारीच्या केवळ तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक दर जून २०२२ पासून ७,८९७ रुपये ठरला. पूर्ण विम्याचा हप्ता त्याहून पुष्कळ अधिक. नऊ लाखांत मनासारखी गाडी मिळत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही असे समजावे. ही रक्कम कर्जाऊ काढण्याचा विचार असेल तर जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नवीपेक्षा अधिक असतो आणि फार जुन्या गाडीला अनेक बँका उभेच करत नाहीत, हेही आधी पाहावे.

कोणती गाडी घ्यावी, याचे उत्तर जाहिरातीत नसून गावच्या गॅरेजमध्ये असते. टोयोटाची डिझेल इंजिने आपल्याकडच्या मेकॅनिकांनी वर्षानुवर्षे उघडली-जोडली आहेत. २००९ साली आलेल्या जुन्या फॉर्च्युनरच्या तीन लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो साधारण दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलावा लागतो. तो बदलल्याची पावती आहे का, हा एकच प्रश्न विक्रेत्याची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच उघडावे लागते. २०१६ च्या अखेरीस आलेल्या नव्या फॉर्च्युनरला बेल्टऐवजी साखळी आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, त्यामुळे एन्डेव्हर तुलनेने स्वस्त मिळते; गाडी उत्तम, पण सुटे भाग मिळण्याची खातरजमा करूनच पुढे जावे. मर्सिडीज, ऑडी किंवा लँड रोव्हरच्या काही मोठ्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. ते रबराचे असल्यामुळे काळानुसार त्यांना चिरा जातात, आणि चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा रबराला मानवत नाही. फुगा फुटला की हवा भरणारा पंप अहोरात्र चालून जळतो. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर झुकलेली दिसली तर विक्रेत्याचा चहा घेऊन परत यावे.

चारही चाके फिरणाऱ्या गाडीचा आग्रह मात्र बहुतेक घरांना अनावश्यक आहे. तिच्यामुळे वजन, इंधन आणि दुरुस्ती तिन्ही वाढतात. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रकार वर्षानुवर्षे पावसाळ्यात होत आले आहेत. पाणी पुलावरून वाहू लागले की अशी गाडीही अलीकडच्या काठावरच थांबते, थांबलीच पाहिजे.

आता चाललेल्या किलोमीटरांविषयी. दीड लाखाचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, आणि साठ हजारांचा पाहून हुरळून जाण्याचेही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर एका लयीत चाललेले दीड लाख किलोमीटर इंजिनाला फारसे जड जात नाहीत. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागून एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यावर धूळ खात चाललेले साठ हजार किलोमीटर फार जड जातात. घुग्गुस-बल्लारपूर पट्ट्यातील कोळशाची धूळही तशीच. म्हणून गाडी कोठे आणि कोणत्या कामावर होती हे आधी विचारावे. ‘डॉक्टरांची गाडी, घरगुती वापर’ हे शब्द जुन्या गाड्यांच्या बाजारात इतके स्वस्त झाले आहेत की जिल्ह्यात तेवढे डॉक्टर तरी आहेत काय असा प्रश्न पडावा.

मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो. गाडीची बाकीची अंगे मात्र खरे बोलतात. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगवरचे चामडे, चालकाच्या आसनाची दाराकडील कड ही तीन ठिकाणे गुळगुळीत झाली असतील आणि मीटर पन्नास हजार सांगत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अधिकृत कार्यशाळेत प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटरची नोंद होते. चॅसी क्रमांक देऊन ती नोंद मालकामार्फत मागवता येते. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या संगणकात अंतराची वेगळी नोंद राहते, ती स्कॅनर लावल्यावर दिसते. विक्रेता स्कॅनर लावू देत नसेल तर बोलणी तेथेच संपवावीत.

इंजिन पाहायचे ते सकाळी, थंड असताना. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जावे. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो; इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा कूलंट आत शिरत असल्याचे; काळा धूर इंधनाच्या गडबडीचे. चालू इंजिनावर तेलाचे झाकण सैल करून पाहावे. आतून वाफेचा जोरदार झोत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे काही गाड्यांच्या बाबतीत सांगितले जाते. पण अनेक जर्मन गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते. घेतल्यानंतरही एक पथ्य पाळावे: आडगावी कॅनमधले किंवा ड्रममधले डिझेल भरू नये. या इंजिनांतील इंधनाचा दाब प्रचंड असतो. पाण्याचे थोडे थेंबही पंप आणि इंजेक्टर एकाच वेळी बाद करू शकतात.

पुरात बुडालेल्या गाड्यांची भीती दूरची वाटते, पण ती तशी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी परिसरात पाणी शिरले आणि असंख्य वाहने बुडाली. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरातल्या महागड्या गाड्याही स्वच्छ होऊन दूरदूरच्या बाजारांत गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा; त्याच्या तळाशी गाळाचा डाग असेल तर तो धुऊनही सहसा जात नाही. आसनाखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा ओलसर वासही तेच सांगतो. आणि आपल्या गाडीविषयी: साच्यातल्या पाण्यातून नेताना इंजिनात पाणी शिरले, तर साध्या पूर्ण विम्यातही ते नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि जुन्या गाडीला ते विमा कंपनी देईलच असे नाही.

रानडुक्कर आणि चितळ आडवे येतात म्हणून पुढे जाड लोखंडी गार्ड बसवलेली गाडी आपल्याकडे मजबुतीची खूण मानली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे राज्यांना कळवले आहे. गार्डमुळे धडकेचा धक्का सांगाड्यात जातो आणि एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका राहतो. ज्या एअरबॅगसाठी ही गाडी घ्यायची, त्यांनाच निकामी करणारे लोखंड पहिल्याच दिवशी उतरवावे.

कागदपत्रांत घाई करू नये. नोंदणी पुस्तिकेवर कितवा मालक आहे, बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकले आहे का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर घरबसल्या दिसते. बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. सिरोंच्याच्या पुलापलीकडे तेलंगण सुरू होते आणि हैदराबादच्या बाजारात मोठ्या गाड्या स्वस्त दिसतात, दिल्लीत तर त्याहून स्वस्त. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली आणि पुढे त्यात फेरफार होत गेले. पण परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर महाराष्ट्रात नव्याने नोंदवावी लागते, त्यासाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि एकरकमी कर भरावा लागतो. २० लाखांवरील डिझेल गाडीला हा दर १५ टक्के आहे. वयानुसार सवलत मिळते. तरी हिशेब गाडीच्या मूळ किमतीपासून सुरू होतो, आपण दिलेल्या किमतीपासून नव्हे. स्वस्ताईचा बराचसा भाग येथेच संपतो.

नव्या गाडीच्या आनंदात दुर्लक्ष होते ते घरातल्या जुन्या गाडीकडे. ती बदल्यात देताना नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून किल्ली सोपवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी तीन वेळा हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, आणि पुढे अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या पहिल्या, कागदोपत्री मालकावर ठेवली. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत परवाना घेतलेल्या विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद झाली की तो विक्रेताच मालक मानला जातो. तेव्हा विक्रेत्याचा परवाना पाहावा, त्या नोंदीची पोच हातात घ्यावी, आणि मगच जुनी किल्ली द्यावी.