हाडांची काडं किती दिवस?

एखाद्या बाईचं कौतुक करायचं झालं की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं. ‘हाडांची काडं केली हो तिनं, पण पोरांना शिकवलं!’ हळदी-कुंकवाला, सत्काराला, साठीशांतीला, अगदी दहाव्याच्या दिवशीसुद्धा हे वाक्य ऐकू येतं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण मैत्रिणींनो, हे नुसतं बोलणं नाही. आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी बायकांच्या बाबतीत ते शब्दशः खरं असतं. पन्नाशीत पाठीला पोक, साठीत मोरीत पाय घसरून मोडलेला खुबा आणि मग अंथरूण. ज्याचं आपण कौतुक करतो तो खरं तर एक आजार असतो, आणि बराचसा टाळता येण्यासारखा.

त्यासाठी आधी हाड म्हणजे काय हे समजून घ्यायला हवं. शाळेत आपण पाठ केलं, शरीरात 206 हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात तीनशेच्या आसपास असतात. वाढताना त्यातली काही एकमेकांना जुळतात. सगळ्यात लांब हाड मांडीचं, सगळ्यात छोटं कानातलं, जेमतेम तीन मिलिमीटरचं. एकेका हातात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत 27 आणि एकेका पावलात 26 हाडं. म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हातापायांच्या पंजात! भाकरी थापताना, वेणी घालताना, शिवणयंत्रावर बसताना ती सगळी कामाला लागतात.

या सांगाड्याची कामं तरी किती? तो शरीराला उभं धरतो. कवटी मेंदूला सांभाळते, बरगड्या हृदय आणि फुप्फुसांना. स्नायू हाडांना धरूनच आपल्याला हलवतात. हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात. आणि ज्याकडे आपलं लक्षच जात नाही ते पाचवं काम म्हणजे साठवणीचं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि इतर पेशींत. पण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं हे सगळं त्या थोड्याशा कॅल्शियमवर चालतं. ते कमी पडून चालत नाही. जेवणातून मिळालं नाही, तर शरीर ते हाडांतून काढून घेतं.

1997 साली म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली. आज गावोगावी बचत गट आहेत. त्यामुळे भरणा आणि उचल यांचं गणित आपल्या भागातल्या बाईला नव्यानं शिकवायला नको. हाडांचं खातं अगदी तसंच आहे. मुलीचा बहुतेक भरणा अठरा-वीस वर्षांपर्यंत होतो, थोडाफार तिशीपर्यंत. त्यानंतर जमेपेक्षा उचल हळूहळू वाढते. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि उचल एकदम वाढते. पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. ज्या मुलीनं लहानपणी भरणाच कमी केला, तिच्या खात्यात तेव्हा उरणार काय?

आता जरा आपल्या घरात डोकावू. कृष्णेकाठ म्हणजे दुधाचा मुलूख. भिलवडीला चितळ्यांनी 1939 मध्ये दुधाचा धंदा सुरू केला. आज गल्लोगल्ली दूध संकलन केंद्रं आहेत, टँकर भरभरून दूध पुण्या-मुंबईला जातं. पहाटे उठून म्हशीचं शेण काढणारी, वैरण घालणारी, धार काढणारी बाई. आणि ती पिते काय? बिनदुधाचा नाहीतर नावाला दूध घातलेला चहा. घरात ठेवलेलं दूध आधी सासऱ्यांना, मग मुलाला, उरलं तर विरजणाला. ‘मुलीला काय करायचंय दूध, ती काय तालमीत जाणार आहे?’ हे वाक्य आजही ऐकू येतं.

त्याला उत्तर आपल्याच जिल्ह्यांनी दिलं आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना 2025 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. सगळ्याच मुली पदकं आणणार नाहीत, पण हाडं सगळ्याच मुलींना असतात. वाढत्या वयात उड्या मारल्या, धावलं, की हाडांवर ताण येतो आणि ती घट्ट होतात. दोरीच्या उड्या, लंगडी, फुगडी, झिम्मा हे खेळ आपल्याकडे होतेच. पाळी सुरू झाली की मुलीचं खेळणं बंद करायचं, हे मात्र आपण नेमकं चुकीच्या वेळी करतो. भरणा जोरात होण्याचं तेच तर वय असतं.

इथं एखादी म्हणेल, ‘कामानं हाडं मजबूत होत असतील तर आम्ही दिवसभर राबतोच की!’ प्रश्न रास्त आहे. पण भिंत बांधायला गवंडी लागतो तसा मालही लागतो. श्रम हा गवंडी. कॅल्शियम, प्रथिनं, ड जीवनसत्त्व हा माल. माल न देता गवंड्याला राबवलं तर भिंत उभी राहत नाही. शिवाय ओझ्या-ओझ्यातही फरक असतो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. दिवसाला चार खेपा म्हणजे साठ किलो, आणि तेही मानेच्या नाजूक मणक्यांवर. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हे केलं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 मध्ये श्रमदान करून पहिला वॉटर कप जिंकला. टेंभू, म्हैसाळचं पाणी दुष्काळी भागात पोचलं. तेव्हा पिकांचे हिशेब झाले, पण वाचलेल्या मानांचा आणि मणक्यांचा हिशेब कुणी मांडला नाही. गावात नळ येणं ही आमच्या मते हाडांच्या आरोग्याचीच योजना आहे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली, लवकर लग्न. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडं अजून भरत असतात. त्यात पोटात बाळ आलं की एकाच ताटात दोन वाढती शरीरं जेवतात. अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम काही काळ कमी होतंच. बाळाचं अंगावरचं सुटल्यावर ते पुन्हा भरून येतं, पण त्यासाठी चांगलं खाणं आणि दोन बाळंतपणांत अंतर हवं. अठराच्या आत लग्न हा कायद्यानं गुन्हा आहे, हे तर आहेच.

दुसरी गोष्ट, पिशवी काढणं. आपल्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडून ज्या बायका येतात, डोक्यावर मोळ्या वाहतात, त्यांच्यातल्या कितीजणींच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्या हे 2019 मध्ये गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. पण हे फक्त त्यांच्याच बाबतीत घडतं असं समजू नका. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, की ‘कटकट नको, काढून टाका’ म्हणणाऱ्या आपल्यातही आहेत. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं आणि पस्तिशीतल्या बाईची हाडं पन्नाशीतल्या बाईसारखी झिजायला लागतात. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होऊ शकतात. काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखर लागते. म्हणून घाबरू नका, पण विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ‘अंडाशय ठेवणार का?’ हा प्रश्न तोंडानं विचारा.

मग करायचं काय? मोठ्या बाईला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर 1200. पेलाभर दुधातून दोनशेच्या वर मिळतं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठातून साडेतीनशेच्या आसपास. तीळ तर कॅल्शियमची खाणच. संक्रांतीपुरतेच कशाला, चटणीत, बाजरीच्या भाकरीवर वर्षभर वापरा. शेवग्याचा पाला, राजगिरा, ताक यातलं काहीच महाग नाही. रोज थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्या. मिश्रीचा डबा मात्र बंद करा. तंबाखू दातांइतकीच हाडांनाही वैरी. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या टाकून देऊ नका. फक्त दोन्ही एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या.

उंची कमी झाल्यासारखी वाटली, पाठीला बाक आला, साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. हाडांचं खरं मोजमाप डेक्सा तपासणीनं होतं. फुकट शिबिरात टाचेला यंत्र लावून दिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून पावडरींचे डबे विकत घेऊ नका.

आणि एक मागणी सरकारकडे. मिरजेला 1894 पासून वैद्यकीची परंपरा आहे, 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यालाही आता शासकीय महाविद्यालय झालं आहे. गावोगावी रक्तदाब-साखरेची शिबिरं होतात, तशी पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांची तपासणी नियमानं का होऊ नये? बचत गटांनी आणि ग्रामसभेत बसणाऱ्या सदस्यांनी हा विषय एकदा तरी मांडावा.

तोवर घरातलं आपल्या हातात आहेच. उद्या सकाळी धार काढली की केंद्रावर न्यायच्या आधी दोन पेले बाजूला काढा, एक लेकीसाठी आणि एक स्वतःसाठी. घरात कुणी विचारलंच तर सांगा, हाडांची काडं करण्याचं कौतुक आम्हाला नको आहे.