आंबिवलीची इराणी वस्ती आणि सामूहिक अपराधाचा सिद्धांत

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाडच्या पुढचे स्थानक आंबिवली. तिथली इराणी वस्ती परराज्यांतल्या पोलिसांनाही ठाऊक आहे. सोनसाखळी खेचणे, किंवा पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना अंगावरचे दागिने काढायला लावणे आणि ते घेऊन पसार होणे, अशा गुन्ह्यांत या वस्तीतले अनेक जण पकडले गेले. काहींवर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. आरोपीला न्यायला आलेल्या पथकांवर वस्तीत आणि स्थानकाच्या परिसरात दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. ही वस्तुस्थिती नाकारून या प्रश्नावर बोलण्यात अर्थ नाही. वाद आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा.

तो निष्कर्ष असा मांडला जातो. चोरी हा या लोकांचा पिढीजात धंदा आहे; बायकापोरे आरोपीला पाठीशी घालतात; तेव्हा एकेकाला शोधत बसण्यापेक्षा वस्ती घेरावी, सापडेल त्याला उचलावे, घरे पाडावीत आणि साऱ्यांनाच हटवावे. त्याला आफ्रिकेचा दाखलाही जोडला जातो: तिकडचे देश जमातींच्या स्वभावामुळे रसातळाला गेले, इथेही जमातींना मोकळे सोडले तर तेच होईल.

‘पिढीजात गुन्हेगार’ ही कल्पना कोणी वस्तीचे निरीक्षण करून काढलेली नाही. ती ब्रिटिश सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून आली. 1911 च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यालाही लागू झाली. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणसाने हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, आणि सरकारला वाटले तर सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहायचे. गुन्हा सिद्ध होण्याची अट यात कुठेच नव्हती. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द केला. इराणी समाज त्या कायद्याखालच्या जमातींच्या याद्यांत होता की नव्हता, हा इथला मुद्दा नाही. आज त्याच्याविषयी केला जाणारा युक्तिवाद शब्दशः त्या कायद्याचा आहे.

आफ्रिकेचा दाखला तर उलट बाजूने साक्ष देतो. केनियात याच ब्रिटिश साम्राज्याने आफ्रिकी पुरुषांना ‘किपांडे’ नावाची ओळखनोंद जवळ बाळगायला लावली. ती धातूच्या डबीत घालून अनेकांना गळ्यात अडकवावी लागे. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात, एप्रिल 1954 मध्ये, नैरोबी शहर घेरून किकुयू जमातीच्या लोकांची सरसकट झडती घेतली गेली आणि हजारोंना छावण्यांत डांबले गेले. बंडखोर कोण आणि भाजीवाला कोण, हे पाहायला कोणी थांबले नाही. त्या छावण्यांतल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारने 2013 मध्ये जाहीर खेद व्यक्त केला आणि 5,228 जणांना भरपाई मान्य केली. रवांडात बेल्जियमच्या सत्तेने 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापले. 1994 मध्ये रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रे तपासून माणसे मारली गेली. बळींची संख्या सुमारे 8 लाख मानली जाते. जमाती आधीपासून होत्या, हे खरे. पण माणसाची जमात हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा, ही रीत राज्ययंत्रणेने बसवली, आणि पुढे सत्तेवर आलेल्यांनी ती मोडण्याऐवजी वापरली.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण युगांडाचे आहे. ऑगस्ट 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी 90 दिवसांची मुदत दिली. हे लोक अर्थव्यवस्था पोखरतात, असा आरोप त्याने सगळ्यांवर एकत्रच ठेवला. कुणा व्यापाऱ्याने खरोखर काळाबाजार केलाही असेल; पण सरकारी कचेरीत इमानाने नोकरी करणाऱ्या गोवेकर कारकुनालाही त्याच्याबरोबर निघावे लागले. तो हुकूम भारतात अन्याय मानला गेला आणि ते योग्यच होते. मग ‘आंबिवलीची वस्तीच हटवा’ ही मागणी न्याय्य कशी ठरते? दोन्हींतले तर्कशास्त्र एकच आहे.

या अनुभवातून आफ्रिकी देशांनी नियमही केले. 1981 मध्ये स्वीकारलेल्या आणि 1986 पासून अमलात आलेल्या आफ्रिकी मानवाधिकार सनदेत परदेशी नागरिकांच्या सामूहिक हकालपट्टीला स्पष्ट मनाई आहे, आणि शिक्षा ही व्यक्तीपुरतीच असते असेही तिच्यात म्हटले आहे. सनद अनेकदा पायदळी तुडवली गेली. तरी शासनाने काय करू नये हे त्या खंडाने सोसून शिकून लिहून ठेवले, आणि आफ्रिकेची भीती घालणारे नेमके तेवढेच वाचत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे: ज्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र खेचले गेले, जी रस्त्यावर आपटली, तिच्या हक्कांचे काय? तिचा हक्क पूर्ण आहे. पण तो पुरा होतो खरा चोर सापडल्याने, त्याच्यावरचा खटला टिकल्याने आणि सोने परत मिळाल्याने. सरसकट धरपकडीत यांतले काहीच साधत नाही. पुराव्यावाचून उचललेला माणूस सुटतो, खरा आरोपी तोवर पसार होतो. शिवाय मध्यरात्री सगळ्यांचीच दारे ठोठावली, की जो शेजारी उद्या साक्ष देऊ शकला असता तोही आरोपीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. पोलिसांवर दगड मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. चित्रीकरणात जो दिसतो त्याला, त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांना नव्हे.

कायद्यात साधने पुरेशी आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. संघटित टोळीसाठी मोक्का आहेच. चोरीचे सोने वितळवून विकत घेणारा बाजार वस्तीच्या बाहेर असतो; चोरीचा माल घेणे हाही गुन्हा आहे, आणि तपास त्या पेढीपर्यंत गेल्याखेरीज साखळ्या खेचणे थांबणार नाही. स्थानिक खडकपाडा पोलीस ठाण्याला आधी कळवून, नावानिशी कागद आणि महिला पोलीस घेऊन आलेले पथक आरोपीलाही नेते आणि खटलाही टिकवते.

न्यायालयांनी मर्यादाही आखून दिल्या आहेत. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, केवळ मागास वा वंचित समाजातला म्हणून निरपराध माणसाची नोंद पोलिसांच्या गुन्हेगारी पत्रकात यांत्रिकपणे होऊ नये. ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगांतील जातिभेदाच्या खटल्यात विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून मुक्त झालेल्यांच्या, मनमानी अटकेला आळा घालण्याचा आदेश पोलिसांना दिला. नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार, कोणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येत नाही. बांधकाम बेकायदा असले तरी सहसा 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या घरात आरोपीची शाळेत जाणारी बहीणही राहते.

म्हणून वस्ती उठवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी तो सोडावा. आंबिवलीतल्या ज्या रहिवाशांवर एकही गुन्हा नाही, त्यांची नावे पोलिसांच्या संशयिताच्या यादीत असतील तर ठाणे पोलीस आयुक्तालयाने ती तपासून काढून टाकावीत, आणि ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांचे खटले लवकर चालवण्याची मागणी सरकारकडे करावी.